पेट्रोलच्या काट्याचा कुलवृत्तांत

सदाशिव पेठेतले वाडे गेले, त्यांच्या जागी इमारती आल्या, देवडीच्या जागी पार्किंग आलं. तरी पेरूगेट ते नागनाथ पार एवढ्या टापूत फिरलं, की कुठल्या तरी पार्किंगच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली एखादी प्रीमियर पद्मिनी, त्याआधीची फियाट किंवा रंग उडालेली जुनी चेतक भेटतेच. रविवारी सकाळी मालक ती पुसतात, सुरू करतात, टिळक रस्त्यानं स्वारगेटपर्यंत एक चक्कर मारून आणतात. इंजिनाबद्दल विचारलं तर अभिमानानं सांगतात. पेट्रोलच्या काट्याचं नाव काढलं की मात्र सूर उतरतो. कुणाचा काटा टाकी काठोकाठ भरली तरी अर्ध्याच्या वर जात नाही, कुणाचा वळणावर पार खाली येतो आणि सरळ रस्त्याला लागल्यावर वर चढतो, कुणाचा वर्षानुवर्षं शून्यावर निजलेला असतो. ‘जुनी गाडी आहे, चालायचंच,’ असं म्हणून विषय संपतो.

हे ‘चालायचंच’ मला मुळीच मान्य नाही. काटा मनाला येईल ते सांगत नसतो. त्याच्या प्रत्येक चुकीला ठरावीक रूप असतं, आणि ते रूप ओळखायचं तर त्या काट्याचं घराणं ठाऊक असावं लागतं. याच पेठेत १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. इथल्या घरोघरी कपाटात एकेक जाडजूड कुलवृत्तांत असतो. मूळ पुरुष कोण, शाखा कुठे फुटली, कोण दत्तक गेला, हे सगळं नोंदवून ठेवायची या पेठेला सवय आहे. पेट्रोलच्या काट्याचाही असाच कुलवृत्तांत मांडता येतो, आणि तो मांडला की बिघाड शोधायचा क्रमही आपोआप सापडतो. कारण गाडीतल्या काट्यात त्याच्या सगळ्या पूर्वजांचे अंश अजून जागेवर आहेत.

मूळ पुरुष म्हणजे काठी. फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ अशी तब्बल एकोणीस वर्षं बनत होती आणि तिच्या बहुतेक गाड्यांत पेट्रोल मोजायची सोय एवढीच, की पुढची गादी उचलायची, टाकीचं झाकण काढायचं, खुणा केलेली काठी बुडवायची आणि ओल कुठवर आली ते बघायचं. त्या गाडीला पेट्रोलचा पंप नव्हता. टाकीतून पेट्रोल आपल्या वजनानं इंजिनाकडे उतरे. टाकीत थोडंच उरलेलं असताना उभा चढ लागला की पेट्रोल पुढे पोचेना, मग गाडी उलटी फिरवून रिव्हर्समध्ये चढवत. त्यामुळे किती पेट्रोल आहे हे घाटाच्या पायथ्याशीच कळणं भाग होतं, आणि ते काठी अचूक सांगत असे. ही काठी निवृत्त झालेली नाही. पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाक्यांत आता इलेक्ट्रॉनिक मापकं बसली असली, तरी खुणांची धातूची सळी पंपावर असतेच, आणि तिच्या टोकाला पाणी लागलं की रंग बदलणारी पेस्ट लावून टाकीच्या तळाशी पाणी साचलंय का हेही बघतात.

काठीला झाकण उघडावं लागतं. न उघडता आतली पातळी बाहेर दाखवायची, तर आत काहीतरी तरंगतं ठेवून त्याला दांडा जोडावा लागतो. ही युक्ती मोटारीपेक्षा दोन हजार वर्षांहून जुनी आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियसनं पाण्याच्या घड्याळात तरंगता फ्लोट घालून त्याच्या दांड्यावर वेळ दाखवणारा दर्शक बसवला होता. आपल्याकडचं घटिकापात्र वेगळ्या तत्त्वावर चाले: तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर ठेवायची, ती भरून बुडाली की एक घटका झाली. तिथे पातळी वाचायची नसते, बुडणं बघायचं असतं. फ्लोटचा दांडा मात्र सतत सांगत राहतो. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतला बॉल कॉक याच कुळातला. मोटारीत हा दांडा थेट डॅशबोर्डपर्यंत आला तो फोर्डच्या मॉडेल ए मध्ये, १९२७ च्या अखेरीस. तिची टाकी इंजिन आणि चालक यांच्या मधल्या भागात, अगदी डॅशबोर्डच्या पाठीमागे होती. आतला फ्लोट वरखाली झाला की त्याला जोडलेली आकड्यांची पट्टी खिडकीत फिरे. वायर नाही, बॅटरी नाही, बिघडायला फारसं काही नाही. एवढा सरळ काटा पुढे झाला नाही.

इथे एक शाखा फुटते आणि ती पुण्याची आहे, म्हणून तिच्यापाशी जरा थांबतो.

या शाखेला काटाच नाही. आकुर्डीच्या कारखान्यात १९६० च्या दशकात बजाजनं इटलीच्या पिआजिओ कंपनीच्या परवान्यावर वेस्पा बनवायला सुरुवात केली. १९७१ मध्ये तो करार संपला आणि १९७२ पासून चेतक आली. त्याच वर्षी फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची लूना आली. सायकलींचं शहर दोन-तीन दशकांत स्कूटर-मोपेडचं झालं ते या गाड्यांवर. त्या काळच्या या गाड्यांवर पेट्रोलचं मोजमाप एका तीन खुणांच्या कॉकवर सोपवलेलं असे: बंद, चालू आणि रिझर्व्ह. आतली रचना बघण्यासारखी आहे. कॉकला टाकीच्या आत दोन तोंडं असतात. एक तळाशी, दुसरं काही अंतर वर उभ्या असलेल्या बारीक नळीच्या टोकाला. कॉक ‘चालू’वर असताना पेट्रोल नळीच्या टोकातून येतं. पातळी त्या टोकाच्या खाली गेली की पुरवठा थांबतो, गाडी अडखळते, आणि चालवणाऱ्याचा हात आपोआप खटक्याकडे जातो. रिझर्व्हला टाकलं की तळाचं तोंड उघडतं. म्हणजे नळीची उंची हेच मोजमाप आहे. काटा नसून पातळी सांगणारं याहून स्वस्त आणि भरवशाचं यंत्र मला माहीत नाही. जर्मनीची फोक्सवॅगन बीटलसुद्धा १९६१-६२ पर्यंत याच शाखेत होती. तिच्यात रिझर्व्हचा खटका पायानं फिरवावा लागे.

पण हेही यंत्र बिघडतं, आणि त्याच्या चुका दोन तऱ्हेच्या असतात. गाडी न अडखळता चालत राहिली आणि थांबली ती कायमचीच, रिझर्व्हला टाकूनही सुरू झाली नाही, तर आतली उभी नळी तडकलेली किंवा मुळापासून निसटलेली असते. ‘चालू’वर असतानाच तळापर्यंतचं सगळं पेट्रोल संपलेलं असतं. याउलट टाकीत पेट्रोल हलल्याचा आवाज येतोय आणि तरी रिझर्व्हला गाडी उचलत नाही, तर तळाचं तोंड गंजाच्या भुशानं बुजलेलं असतं. दोन्हीला औषध एकच, टाकी रिकामी करून कॉक खोलणं. आणि ज्यांनी रिझर्व्हवरून कॉक मागे फिरवायला विसरून लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत स्कूटर आडवी करून शेवटचे थेंब कार्ब्युरेटरकडे ढकलले आहेत, त्यांना या शाखेची मर्यादा वेगळी सांगायला नको. ती एकदाच बोलते.

चारचाकीत टाकी मागे गेली आणि अडचण उभी राहिली. पुढच्या भागात, प्रवाशांच्या पायाशी, इंजिनाच्या शेजारी पेट्रोल ठेवणं धोक्याचं होतं. पेट्रोल ओढणारे पंप आल्यावर टाकी मागच्या चाकांजवळ ठेवणं सोयीचं झालं. पण फ्लोट मागे आणि डोळे पुढे. हे अंतर ओलांडायचे प्रयत्न १९२० च्या दशकात बरेच झाले. अमेरिकेत किंग-सीली कंपनीचा टेलिगेज बऱ्याच गाड्यांवर बसला. टाकीच्या तळाशी हवा कोंडलेली एक घंटेसारखी पोकळी, तिथून डॅशबोर्डपर्यंत बारीक नळी, आणि शेवटी काचेच्या नळीत लाल द्रव. पेट्रोलच्या वजनाचा दाब हवेवर, हवेचा दाब लाल द्रवावर. शाळेतल्या मॅनोमीटरचंच हे रूप. सुंदर दिसे, पण कुठल्याही सांध्यातून केसाएवढी हवा सुटली की मोजमाप गेलं. आज असा गेज शाबूत असलेली गाडी जवळून बघायला मिळाली तर सोडू नये.

मग वीज आली. आजच्या आपल्या जवळजवळ सगळ्या जुन्या गाड्यांचे काटे विजेच्या दोन घराण्यांपैकी एका घराण्यातले आहेत. टाकीतला भाग दोघांतही सारखाच: फ्लोट, त्याचा दांडा, आणि दांड्याच्या दुसऱ्या टोकाला रोधाच्या बारीक तारेवर सरकणारी एक पितळी जीभ. मेकॅनिक याला टँक युनिट म्हणतात. पातळी बदलली की रोध बदलतो. फरक पडतो तो डॅशबोर्डातल्या मीटरमध्ये.

पहिलं घराणं दोन कॉइलचं. एकमेकींशी कोन करून बसवलेल्या दोन कॉइली आणि मध्ये काट्याला जोडलेला लोखंडाचा तुकडा. एक कॉइल काट्याला शून्याकडे ओढते, दुसरी भरलेल्याकडे, आणि टँक युनिटचा रोध ठरवतो की कुणाची ओढ जास्त. बॅटरी उतरली तरी दोन्ही ओढी सारख्याच कमी होतात, म्हणून काटा जागचा हलत नाही. मात्र तो चपळ असतो. पेट्रोल टाकीत हिंदकळलं की तोही नाचतो. दुसरं घराणं उष्णतेचं. एका द्विधातू पट्टीवर तार गुंडाळलेली असते. प्रवाह वाढला की पट्टी तापते, वाकते आणि काटा ढकलते. हा काटा सावकाश चढतो, खड्ड्यांनी विचलित होत नाही. पण व्होल्टेज बदललं की तोही बदलतो. म्हणून साठच्या दशकातल्या ब्रिटिश गाड्यांत स्मिथ्स कंपनीच्या अशा मीटरांना साधारण १० व्होल्टचा स्थिर पुरवठा देणारी एक छोटी डबी, म्हणजे स्टॅबिलायझर, लागे.

आणि इथेच सगळ्यात मोठी गोम आहे. रिकाम्या टाकीला रोध किती आणि भरलेल्या टाकीला किती, याचे आकडे प्रत्येक घराण्याचे वेगळे. जनरल मोटर्सच्या १९६५ पूर्वीच्या गाड्यांत रिकाम्याला ० ओहम, भरलेल्याला ३०, नंतरच्या गाड्यांत ० ते ९०. अमेरिकी फोर्डमध्ये उलट: रिकाम्याला ७३, भरलेल्याला १०. स्ट्युअर्ट-वॉर्नर पद्धतीत रिकाम्याला २४०, भरलेल्याला ३३. एका घराण्याचं युनिट दुसऱ्याच्या मीटरला जोडलं, की काटा कधीच खरं सांगणार नाही. पेट्रोल भरताना खाली येणारा आणि गाडी चालवताना वर चढणारा काटा दिसला, तर तिथे बिघाड काहीच नसतो. विजोड सोयरीक झालेली असते.

आपल्याकडे ही सोयरीक फार सहज होते. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५० च्या दशकात फियाट ११०० बाहेर पडू लागली, पुढे तिचीच १९७४ पासून पद्मिनी झाली आणि या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत बनत राहिली. मुंबईची शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेली. एवढ्या दीर्घ काळात आयात केलेले भाग, देशी बनावटीचे भाग, पर्यायी भाग असं सगळं त्या एकाच डॅशबोर्डात बसत गेलं. पुण्यात मालक मीटर आणतो नाना पेठेतून, टँक युनिट मिळतं रविवारी किंवा बुधवारी मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात. दोन्ही वस्तू चांगल्या असतात, फक्त एकमेकींच्या नसतात. मीटर विकत घेण्याआधी आपल्या युनिटचे दोन टोकांचे ओहम मल्टिमीटरवर मोजून चिठ्ठीवर लिहून न्यावेत. दुकानदार हसला तरी हरकत नाही.

आता दुरुस्ती. माझं सांगणं एवढंच, की कुलवृत्तांताच्या क्रमानं जा: सर्वांत जुना पूर्वज आधी, सर्वांत तरुण शेवटी. बहुतेक लोक उलट करतात. आधी डॅशबोर्ड उचकटतात, मीटर बदलतात, आणि दोष टाकीत तसाच राहतो.

म्हणजे पहिली काठी. गाडी सपाट जागी उभी करून, स्वच्छ लाकडी पट्टी टाकीत जाऊ शकत असेल तर बुडवून, खरी पातळी आधी बघून घ्यावी. काट्यावर विश्वास नसताना त्याचीच साक्ष काढण्यात अर्थ नाही. मात्र काठीचं माप लिटरमध्ये उतरवताना गुणाकार नीट हवा. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानाचे इंधनाचे गेज बंद होते, म्हणून कर्मचाऱ्यांनी टाक्यांतली पातळी मोजपट्टीनं मोजली. ती बरोबर होती. लिटरचे किलो करताना मात्र ०.८ च्या जागी १.७७ हा पौंडाचा गुणक वापरला गेला. लागणाऱ्या इंधनाच्या जेमतेम निम्मं भरून विमान उडालं आणि वाटेत आकाशातच दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी ते तरंगत नेऊन गिमली इथल्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं, जीव कुणाचा गेला नाही. आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानं दशमान मापं आली, पण त्याआधीच्या गाड्यांच्या माहितीपुस्तकात टाकी गॅलनमध्ये दिलेली असते. ब्रिटिश गॅलन साडेचार लिटरचा आणि अमेरिकी पावणेचारचा. हिशेब करताना कोणता ते आधी ठरवावं.

काठीनंतर फ्लोट, पण त्याआधी एक मिनिटाची परीक्षा आहे. ती टाकी न खोलता सांगते की दोष मागे आहे की पुढे. चावी फिरवून टँक युनिटवरची वायर काढा. काटा एका टोकाला जाईल. तीच वायर बॉडीच्या स्वच्छ धातूला लावा. काटा दुसऱ्या टोकाला जायला हवा. काटा असा पूर्ण फिरला, तर मीटर आणि वायर दोन्ही निर्दोष आहेत, दोष टाकीत किंवा टाकीच्या अर्थमध्ये, म्हणजे बॉडीशी असलेल्या तिच्या विजेच्या जोडणीत आहे. फिरला नाही, तर पुढे शोधा. उष्णतेच्या घराण्याच्या मीटरला सावकाशीनं वेळ द्यावा लागतो. त्याची वायर थेट बॉडीला फार वेळ धरू नये, मध्ये १०-१५ ओहमचा रोध ठेवावा. वायर नुसती मोकळी सोडल्यावर काटा कुठे जातो यावरून घराणंही कळतं. भरलेल्याकडे गेला तर जनरल मोटर्सच्या पद्धतीचं, रिकाम्याकडे गेला तर फोर्डच्या.

अर्थ हा शब्द इथे उगाच नाही घातला. टाकी रंगवलेली, रबरावर बसलेली, पट्ट्यांना गंज. युनिटचा बॉडीशी संबंध सुटत जातो आणि काही ओहमची भर पडते. फोर्डच्या पद्धतीत ही भर काट्याला खाली ओढते, जनरल मोटर्सच्या पद्धतीत वर ढकलते. एकच बिघाड, दोन घराण्यांत दोन विरुद्ध चुका. टाकी आणि बॉडी यांच्यामध्ये वेगळी वायर टाकून बघितली की निकाल लागतो. जुन्या गाड्यांच्या चुकीच्या काट्यांतले कित्येक या एका वायरनं सुधारतात, म्हणून मीटरवर पैसे घालण्याआधी ती टाकाच.

तेवढ्यानं भागलं नाही तर युनिट बाहेर काढायचं. हे काम मोकळ्या हवेत, बॅटरीचं टर्मिनल काढून, आसपास शेगडी, बिडी, उघडा बल्ब काही नसताना. स्क्रू किंवा कडं सैल करताना लोखंडी छिन्नी-हातोडी न वापरता पितळी किंवा लाकडी ठोकणी वापरावी. पेट्रोलपेक्षा पेट्रोलची वाफ घातक, आणि अर्धी रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक.

बाहेर आलेलं युनिट उजेडात धरून बघण्यासारखं असतं. फायबरच्या पट्टीवर केसाएवढी रोधतार वेढ्याला वेढा लावून गुंडाळलेली असते, आणि तिच्यावरून पितळी जीभ गाडीच्या जन्मापासून सरकत आलेली असते. जिथे ती सर्वाधिक काळ राहिली तिथे तारेत चकचकीत खाच पडते. टाकी फुल न करता थोडं थोडं पेट्रोल भरायची आपली सवय, त्यामुळे ही खाच बहुधा खालच्या चौथाईत सापडते. तिथे तार तुटलेली असेल, तर टाकी भरलेली असताना काटा खरा आणि नेमका गरजेच्या वेळी बेभान. मल्टिमीटर लावून दांडा हळूहळू वर उचला. आकडा सरळ चढायला किंवा उतरायला हवा. मध्येच उडी मारली तर खाच तिथे आहे. तार नव्यानं गुंडाळता येते. हे काम करणारे मीटर-मेकॅनिक अजून आहेत, आणि ते वर्षागणिक कमी होताहेत.

फ्लोटचं निदान निराळं. पितळी पोकळ फ्लोटला सुईच्या टोकाएवढं छिद्र पडलं की तो पेट्रोल पितो, जड होतो आणि काटा कायमचा कमी दाखवतो. कानाशी हलवा, आत खळखळलं तर निदान झालंच. गरम पाण्यात दाबून धरा, जिथून बुडबुडे येतील तिथे छिद्र. आतलं पेट्रोल पूर्ण काढून, वाळवून, मगच सोल्डर. घाई केली तर आतली वाफ पेटते. नंतरच्या काळातले प्लास्टिकचे फ्लोट तडकले की बदलायचेच.

त्याहून जुन्या गाड्यांत बुचाचे फ्लोट असत, आणि पेट्रोल आत मुरू नये म्हणून त्यांवर चपड्या लाखेचा थर देत. त्यांच्यावर आता एक नवं संकट आलं आहे आणि ते महाराष्ट्राच्या उसातून आलं आहे. जानेवारी २००३ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली. जून २०२२ मध्ये देशभरात सरासरी १० टक्क्यांचं उद्दिष्ट गाठलं गेलं आणि फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. इथेनॉल म्हणजे अल्कोहोल. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून फर्निचरला पॉलिश करणाऱ्या कुठल्याही सुताराला विचारा, लाखेचं त्यात काय होतं. साध्या पेट्रोलमध्ये दशकानुदशकं टिकलेला थर आता सुटतो, बूच भिजतं, फ्लोट बुडतो, आणि विरघळलेली लाख चिकट होऊन कार्ब्युरेटरमध्ये जाऊन बसते. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी धरतं. महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत ते तळाशी वेगळं होतं आणि तिथून गंज सुरू होतो. गाडी विंटेज असेल तर बुचाचा फ्लोट काढून त्याच आकाराचा आणि तेवढंच तरंगणारा, इथेनॉलला टिकणारा फ्लोट बसवणं हा मूळपणाशी द्रोह नाही. मी तर ते आवश्यक समजतो. काढलेला फ्लोट जपून ठेवावा.

पुढच्या टोकाकडे दोनच गोष्टी बघायच्या. पेट्रोल आणि तापमान हे दोन्ही काटे एकदम जास्त किंवा एकदम कमी दाखवू लागले, तर स्टॅबिलायझर गेला. दोन वेगळी मीटरं एकाच दिवशी आजारी पडत नाहीत. दुसरी गोष्ट व्होल्टेजची. दुसऱ्या महायुद्धातल्या जीप ६ व्होल्टच्या होत्या, त्या काळच्या कित्येक मोटारीही. नंतर कुणीतरी १२ व्होल्टची बॅटरी बसवली आणि मीटर मात्र मूळचंच ठेवलं, असं फार आढळतं. त्या मीटरला योग्य मूल्याचा रोध किंवा ६ व्होल्टचा पुरवठा द्यावा लागतो, नाहीतर त्याची कॉइल जळते.

एवढं सगळं ठीक केल्यावरही काटा कात्रजच्या घाटात चढताना एक सांगेल आणि उतरताना दुसरं. टाकी तिरपी झाली की पेट्रोल एका अंगाला जातं, फ्लोट एकाच जागी असतो. हा बिघाड नाही. पुढे जपानी गाड्यांच्या काळात मीटरच्या आत घट्ट तेल घालून काट्याचं नाचणं थांबवलं, त्यानंतर संगणकानं सरासरी काढून काटा संथ केला. काट्याशेजारचा, टाकीचं झाकण कोणत्या बाजूला आहे ते दाखवणारा छोटा बाण फोर्डच्या जिम मॉयलन यांनी १९८६ मध्ये सुचवला. पण आत फ्लोट आणि सरकणारी जीभ बव्हंशी तीच आहे.

जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूप राखलेल्या दुचाकी-चारचाकींना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांची पाटी दिली. सुरुवातीच्या चेतक आता या वयात बसल्या आहेत. अशी नोंदणी झालेल्या गाड्या रोजच्या वापराला नेता येत नाहीत. प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणं अशा ठरावीक कामांसाठीच रस्त्यावर आणता येतात. म्हणजे पेट्रोल पंपाची फेरी तर होणारच आहे. त्या फेरीत एक काम करा. टाकी जवळजवळ रिकामी असताना पंपाच्या सपाट जागी गाडी लावा, शंका असेल तर वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं ५ लिटरचं माप पंपावर असतं, त्यानं आधी पंपाचं माप तपासून घ्या. मग ५-५ लिटर भरत जा आणि दर वेळी चावी फिरवून, काटा स्थिरावू देऊन, तो कुठे आला ते कागदावर लिहा. तो कागद तारखेसह गाडीच्या कागदपत्रांत ठेवा, आणि गाडी पुढच्या पिढीकडे देताना किल्लीबरोबर तोही द्या.